मानाची पेटी

नागवेकर बाईंनी पहिल्याच दिवशी माझं नाव काढून घेतलं आणि मला त्याचा मनापासून राग आला. लांज्याच्या पलीकडे आमची वाडी. तिथल्या आमच्या भावकीत कॉलेज पुरं करणारा मी पहिला. वडील मुंबईला एका कँटीनमध्ये भांड्यांवर होते. गणपतीला गावी आले की येईल त्याला माझं पूर्ण नाव सांगायचे, मधल्या स्वतःच्या नावासकट, आणि शेवटी 'यम्मेस्सी' जोडायचे. दोन पिढ्यांनी मिळून कमावलेलं ते नाव या बाईंनी एका वाक्यात बाजूला ठेवलं.

"नाव मागाहून. वस्तू काय आणलीस ते सांग."

"आंब्याला लावायचा लेप. मधाच्या पोळ्याचं मेण आणि त्यात..."

"बरं. लेप, तू त्या खिडकीपाशी बस."

तेव्हापासून मी लेप.

शतक संपायला आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. वर कोणाच्या तरी डोक्यात आलं होतं, की संशोधन केंद्रांतल्या आणि कॉलेजांतल्या शास्त्रज्ञांनी नुसते पेपर लिहीत बसू नये, आपला शोध बाजारात नेऊन दाखवावा, आणि तो कसा न्यायचा हे त्यांना कोणीतरी शिकवावं. रत्नागिरीत मांडवीला एका बंद पडलेल्या क्लासची खोली भाड्याने घेतली. दर शनिवारी आम्ही तिथे जमायचं. शिकवायला पुण्याहून कोणी कोटवाले साहेब येतील अशी माझी समजूत होती. आल्या त्या मांडवीतल्याच कुसुम नागवेकर. लुनावरून. पाठीला छत्री अडकवलेली, मनगटावर बापाचं घड्याळ, साडीचा पदर कमरेला खोचलेला.

"मॅडम म्हणू नका," त्यांनी आल्या आल्या सांगितलं. "मॅडमला कोणी खरं सांगत नाही. बाई म्हणा."

बाईंनी मुंबईत एका औषध कंपनीसाठी वर्षानुवर्षं डॉक्टरांच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. ज्या काळात बायका या कामात दिसतसुद्धा नसत, त्या काळात. लग्न केलं नाही. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा नोकरी सोडून मांडवीला परत आल्या, ते गेल्यावरही इथेच राहिल्या. विकणं त्यांच्या अंगात इतकं भिनलं होतं, की वाण्याच्या दुकानात काडेपेटी घेतली तरी आधी उलटी करून मागची बाजू वाचायच्या. "पुढच्या बाजूला मालक बोलतो," म्हणायच्या, "मागच्या बाजूला माल बोलतो."

वर्गात सगळ्यांचीच नावं गेली होती. कॉलेजातल्या जोगळेकर मॅडमनी गार पाण्यात विरघळणारी कोकमाची पूड केली होती, त्या झाल्या कोकम. पाथरे सर निवृत्तीला आलेले, मासळीच्या अभ्यासात मोठं नाव, उन्हाळ्यातही टाय लावणारे. त्यांनी कोळंबीच्या सुपाची पूड केली होती. बाई वयाचा मान राखून त्यांना "अहो कोळंबी" म्हणायच्या. पहिल्यांदा म्हणाल्या तेव्हा सरांनी टायची गाठ सारखी केली आणि खिडकीबाहेर पाहिलं. महिन्याभरात ते स्वतःच फोनवर "मी कोळंबी बोलतोय" म्हणायला लागले.

नाव परत मिळायची अट साधी होती. तुम्हाला न ओळखणाऱ्या माणसाने तुमची वस्तू दुसऱ्यांदा मागितली पाहिजे. "पहिल्यांदा माणूस भिडेने घेतो, नाहीतर नवल म्हणून घेतो," बाई सांगायच्या. "दुसऱ्यांदा घेतो तेव्हा ती वस्तू त्याची झाली. मग तुमचं नाव तुम्हाला."

मी पहिल्या शनिवारी प्रोजेक्टरवर दाखवायच्या काचकागदांचा गठ्ठा घेऊन गेलो होतो. आलेख, तक्ते, लेप लावलेल्या आणि न लावलेल्या हापूसचे रंगीत फोटो. तिसऱ्या कागदाला बाईंनी उठून बटण बंद केलं.

"वीज गेली. आता सांग."

"लेपामुळे फळाचा श्वसनाचा वेग मंदावतो आणि..."

"मग? त्याचं मी काय करू?"

"शेतकऱ्यांना त्याचा उपयोग होईल."

"कुठल्या शेतकऱ्याला? नाव सांग. गाव सांग. त्याच्या बायकोला पसंत आहे का ते सांग."

मला एकही नाव सांगता आलं नाही. शेतकऱ्याच्या घरात जन्मलो, आणि 'शेतकरी' म्हटल्यावर मला पेपरातला शब्द दिसत होता. घरी जाताना ठरवलं, पुढच्या शनिवारी जायचं नाही. गेलो. बाईंचं असंच असायचं.

त्यांच्या शिकवण्यातलं एक मात्र कुठल्या पुस्तकात नसेल. आपली वस्तू समोरच्याला थोडक्यात कशी सांगायची, हे त्यांनी आम्हाला गाऱ्हाण्यावरून शिकवलं. देवळात गुरव देवापुढे उभा राहतो, गावाच्या वतीने मागणं मांडतो, आणि प्रत्येक वाक्याला मागे उभी मंडळी "व्हय म्हाराजा" म्हणतात. हे आम्ही सगळ्यांनीच लहानपणापासून ऐकलेलं, आणि शिकलो तसं विसरलेलं.

"गुरव काय करतो बघा," बाई म्हणाल्या. "कोण मागतंय ते सांगतो. अडचण काय ती सांगतो. काय करायचं ते सांगतो. झालं तर काय देणार तेही सांगतो. आणि मध्ये मध्ये थांबतो. का थांबतो? व्हय येतंय का बघायला. तुमच्या गिऱ्हाइकाच्या पोटात व्हय आलं नसेल तर पुढचं वाक्य बोलू नका. आणि भिडेचं व्हय धरायचं नाही. भिडेखातर व्हय म्हणणारा पुन्हा दाराशी येत नाही."

मग त्यांनी पाथरे सरांना उभं केलं. सर हात जोडून, टायसकट, "बा देवा म्हाराजा, हा तुझा कोळंबीवाला..." म्हणत सुरू झाले आणि आम्ही मागून "व्हय म्हाराजा" म्हणत राहिलो. 'प्रथिनांचे पचन सुलभ होते' या वाक्याला कोणीच व्हय म्हटलं नाही. सर थांबले. जरा विचार करून म्हणाले, "तापातून उठलेल्या पोराला भात जात नाय, ता ह्या सुपानं जेवायला लागतंय, म्हाराजा." जोगळेकर मॅडमनी सगळ्यांत मोठ्याने व्हय म्हटलं. त्यांचा मुलगा नुकता टायफॉइडमधून उठला होता.

"बघा, अहो कोळंबी," बाई म्हणाल्या, "इतकी वर्षं हे वाक्य कुठे लपवून ठेवलं होतंत?"

त्यानंतर एका रविवारी त्यांनी आम्हाला हातखंब्याला नेलं. हायवेचा तिठा, मुंबईच्या, गोव्याच्या गाड्या थांबतात, लोक उतरून चहा पितात. एका ओळखीच्या टपरीच्या बाजूला टेबल टाकून बाईंनी आम्हाला उभं केलं. अट एकच: 'संशोधन' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. जोगळेकर मॅडमनी एका ड्रायव्हरला कोकमाचा पेला दिला. तो घटाघटा प्यायला, मिशी पुसली आणि म्हणाला, "ताई, ही पुडी गाडीत ठेवायला द्या. वाटेत डोळा लागतो, ह्यानं तरतरी येईल." मॅडमनी ती पूड पित्तासाठी केली होती! पुढच्या रविवारी तोच ड्रायव्हर गाडी थांबवून पुड्या मागायला आला. बाई टेबलामागून उठल्या, आणि सगळ्या चहावाल्यांच्या देखत म्हणाल्या, "वैशाली श्रीधर जोगळेकर, हे घ्या तुमचं नाव." मॅडम रडल्या. मला हसू आलं, आणि हेवाही वाटला.

आता आयऱ्यांच्या तात्यांकडे यायला हवं. त्यांच्यावाचून बाईंचं चित्र पुरं होत नाही, आणि माझ्याच्याने ते लांबवत राहणंही होत नाही.

पावस गावात तात्यांची आंब्याची जुनी बाग. बाईंचे वडील आणि तात्यांचे वडील एका पंगतीतले, त्यामुळे तात्या बाईंना धाकट्या बहिणीसारखे वागवत. शेतकऱ्याचं नाव सांग म्हणणाऱ्या बाईंनी अखेर मला एक नाव दिलं ते हे. तात्यांनी पहिल्या हंगामात मला बाजूची दोन झाडं दिली. त्यांचा आंबा मी नोकरीच्या जागी, आमच्या संशोधन केंद्रावर नेला, लेप लावला, फळीवर ओळीने मांडला, पंख्याखाली. कितीतरी दिवस तो घट्ट राहिला, मग रंगावर आला, गोड झाला. तात्या केंद्रावर आले, एक कापून खाल्ला, कोय चोखून खिडकीतून बाहेर टाकली. "बरा हाय," म्हणाले. तात्यांच्या तोंडून 'बरा' म्हणजे पुष्कळ होतं.

मला अजून एक हंगाम हवा होता. ते शहाणपण नव्हतं. शास्त्रज्ञाला नेहमीच अजून एक हंगाम हवा असतो. बाई वैतागल्या. "अजून एक, अजून एक म्हणता म्हणता शास्त्रज्ञ पेन्शनीत जातो आणि शोध कपाटात." त्यांच्याही जिवाला घोर लागला होता. वरून विचारणा आली होती, की या वर्गातून बाजारात काय गेलं? कोकमाच्या पुड्या दाखवून वर्ग चालू राहणार नव्हता. आंबा दाखवला तर राहणार होता. बाईंना तो वर्ग किती हवा होता, हे त्यांच्या लुनाच्या आवाजावरूनसुद्धा कळायचं. शनिवारी ती वेगळ्या आवाजात यायची.

त्या पावसला गेल्या आणि तात्यांना म्हणाल्या, "तात्या, यंदाचा पहिला तोडा सगळा लेपात घाला. मी शब्द देते."

तात्यांनी जास्त विचारलं नाही. बाईंचा शब्द होता.

बागायतदाराचा पहिला तोडा, म्हणजे हंगामात पहिल्यांदा उतरवलेला आंबा, हा नुसता चढ्या भावाचा माल नसतो. त्यातून आधी मानाच्या पेट्या निघतात. एक देवाची, एक घरच्या डॉक्टरांची, एक भटजींची, आणि लेक दिलेली असेल तर तिच्या सासरची. त्या साली तात्यांची नंदा नुकती सासरी गेली होती. ठाण्याला राहणारी, मूळची साताऱ्याकडची माणसं. पहिल्या वर्षाची सासरची पेटी म्हणजे बापाने लेकीमागून पाठवलेलं घर असतं. नंदाच्या आईने ती पेटी स्वतः भरली. खाली पेंढा, वर आंबे, पुन्हा पेंढा, एकेक आंबा देठ वर करून. लेप लावलेले हिरवेगार, तुकतुकीत आंबे.

टेम्पो मांगरापासून, बागेतल्या आंबे ठेवायच्या खोपटापासून, हलला तेव्हा बाई माझ्याकडे वळल्या आणि माझं पूर्ण नाव घेतलं. मधल्या वडिलांच्या नावासकट. "हे घे तुझं नाव," म्हणाल्या.

मी आनंदाने वेडा झालो होतो. अजून कोणी दुसऱ्यांदा काय, पहिल्यांदाही मागितलं नव्हतं, हे ध्यानात आलं असतं तरी मी गप्प बसलो असतो. पण ते ध्यानातच आलं नाही. बाईंच्याही नाही.

पेट्या पोहोचल्यावर काही दिवसांनी तात्यांकडे नंदाचा फोन आला. आम्ही दोघं तेव्हा तिथेच होतो. तात्या ऐकत होते आणि त्यांचा चेहरा बंद होत चालला होता. "बरं. बरं गो. तू जेवलीस काय?" एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला.

सासूने हळदकुंकवाला शेजारणी बोलावून पेटी फोडली होती. आंबे बाहेरून कच्चे हिरवे, सुरी घातली तर आत पाणी झालेलं आणि ताडीसारखा वास. कोणीतरी शेजारीण म्हणाली, "हापूस हापूस म्हणतात तो हाच होय?" आणि बायका हसल्या.

मांगरात एक पेटी मागे राहिली होती. मी ती उघडली आणि हात आत घातला. पेंढा उबदार होता, अंथरुणातून नुकतंच कोणी उठावं तसा. तिथेच मला सगळं कळलं. कोकणात आंबा पेंढ्यात पिकतो. माझ्या आईने माळ्यावर पिकवला, तिच्या आईने पिकवला. केंद्रावर मात्र मी तो फळीवर पिकवला होता, कारण आमचा स्टोअरकीपर पेंढा आत येऊ देत नसे. उंदीर होतात म्हणून. पेंढ्याच्या उबेत माझ्या लेपाआड आंब्याचा जीव गुदमरला होता. मला पेंढा आठवलाच नाही. मागितलेला तो अजून एक हंगाम मिळाला असता, तरी मी पुन्हा फळीच मांडली असती.

मी हे बाईंना सांगायला लागलो. त्यांनी हात वर केला.

"लेप तुझा," म्हणाल्या. "शब्द माझा."

तात्या बाहेर उखळावर बसले होते. बाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. शेवटी तात्याच म्हणाले, "उन्हात काय उभी ऱ्हायलीस? चाय घे."

बाईंना वाटत होतं त्यांनी चार शिव्या द्याव्यात. तात्यांनी चहा दिला. बशीत ओतून प्यायची सवय असलेल्या बाईंनी तो कपानेच, गरम गरम, गिळला.

दोन दिवसांनी त्या ठाण्याला निघाल्या. सोबत बिनलेपाच्या, दुसऱ्या तोड्याच्या आंब्यांची पेटी. ती उचलायला मी. जाऊ नका असं तात्या म्हणाले होते; मीही म्हणालो होतो. बाईंचं म्हणणं, कंपनीत असताना एकदा खराब बाटल्या गेल्या तेव्हा त्या दर डॉक्टरच्या दारात स्वतः गेल्या होत्या. "औषधाला जमतं ते आंब्याला का नाही?"

नंदाची सासू वागायला चांगली होती. हेच अवघड झालं. पाणी दिलं, बसा म्हणाली. बाई खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाल्या, "आंबा आयऱ्यांचा चांगलाच होता. तो माझ्या शब्दाने बिघडला. दोष द्यायचा तर मला द्या, त्या घराला नको." सासू म्हणाली, "अहो, एवढ्यासाठी एवढ्या लांब कशाला आलात? फळ आहे, नासायचंच." आणि आमची पेटी उचलून गॅलरीत, जुन्या बादलीशेजारी ठेवली. आम्ही असेपर्यंत ती उघडली नाही.

नंदाने चहा आणला. मान खाली. निघताना ती जिन्यापर्यंत पोहोचवायला आली.

"बाई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका," ती म्हणाली. "आंब्याचं काय नाय. फक्त पूर्वी मी इथे सारखं 'आमच्याकडे असं, आमच्याकडे तसं' बोलायचे. आता बंद केलंय. लोक हसतात मग."

ती हे तक्रार म्हणून बोललीच नव्हती. समजूत घालायला म्हणून बोलली. बाई कठड्याला धरून जिना उतरल्या. परतीच्या वाटेवर त्या एवढंच म्हणाल्या, "तुझं नाव मी परत घेते. माझ्या हातून ते लवकर गेलं." मी म्हटलं, "घ्या बाई." त्या क्षणी मला ते नाव जड झालं होतं.

वर्ग बंद पडला नाही. त्या नासलेल्या तोड्याचा कागद बाईंनी स्वतः लिहून वर पाठवला, काही न लपवता, आणि कोणा समजूतदार साहेबाला वाटलं, की चुकीतून एवढं शिकणारा वर्ग चालूच ठेवावा. पुढचे दोन हंगाम मी पेंढ्यातच काढले. तात्यांच्याच मांगरात, तात्यांच्याच आंब्यांवर. लेप पातळ केला, पेटीला भोकं ठेवली. आता तो चालतो. लोक दुसऱ्यांदा मागतात, दहाव्यांदा मागतात. माझी बढती, हातखंब्याच्या रस्त्यावरचं लेप बनवायचं छोटं युनिट, पोरांची कॉलेजं, सगळं त्या पेटीतून निघालं. एका मुलीचं 'आमच्याकडे' बंद झालं तेव्हा मला पेंढा आठवला. हा हिशोब मी कोणाला समजावू शकत नाही. माझ्या बायकोलाही नाही. ती म्हणते, तुम्ही काही मुद्दाम केलंत का? नाही केलं. म्हणून तर तो फिटत नाही.

पुढची प्रत्येक तुकडी आली की बाई पहिल्या शनिवारी तात्यांना बोलवायच्या. शिकायला आलेल्या शास्त्रज्ञांसमोर तात्यांनी उभं राहून ती गोष्ट सांगायची, आणि बाई पहिल्या बाकावर विद्यार्थ्यांत बसायच्या. तात्यांना आधी संकोच वाटे. मग त्यांनाच गोडी लागली. हसवून हसवून सांगायचे. "आंबा बाहेरून ब्रह्मचारी, आतून दारुडा!" पोरं खो खो हसायची. कोणी विचारलंच, "मग तुम्ही बाईंना काय बोललात?" तर म्हणायचे, "बोलतो काय? म्हटलं, चाय घे." पुन्हा हशा. बाई हसत नसत. जिथे शेजारणी हसल्या तो भाग आला, की त्या मनगटावरचं घड्याळ फिरवत बसायच्या.

मी एकदा चिडून म्हणालो, "बाई, निम्मी चूक माझी आहे. मला का नाही उभं करत तिथे?"

"तू चुकलास तर प्रयोग चुकला," त्या म्हणाल्या. "प्रयोग चुकायलाच असतो. शब्द चुकायला नसतो. तू बस."

अपराधाचा वाटाही त्यांनी मला मिळू दिला नाही. शिकलेल्या माणसाला वाटतं आपण निदान चूक तरी मानाने कबूल करावी. बाईंनी ती जागाही स्वतःच अडवली होती.

दर हंगामात सुट्टीच्या दिवशी त्या लुनावरून पावसला जायच्या आणि मांगरात बसून पेट्या भरायच्या. मानाच्या पेट्या तर त्यांच्याच हातच्या. प्रत्येक आंबा देठाशी हुंगून घ्यायच्या. नंदाच्या पेटीला मला हात लावू द्यायच्या नाहीत. काकी, म्हणजे नंदाची आई, म्हणायच्या, "बाय माझ्या, एवढा हुंगून तो आंबा लाजंल." बाई ऐकायच्या आणि तोच आंबा पुन्हा हुंगायच्या.

नावाचं मी एकदाच काढलं. म्हटलं, "आता तरी द्या. अनोळखी लोक मागतायत." बाईंनी छत्री उघडली, मिटली.

"दुसऱ्या कोणाकडून घे," म्हणाल्या. "मी दिलं तेव्हा ते नासलं."

पुढे वर्ग दुसरीकडे गेला, कोटवाले साहेब आले, पडद्यावर चित्रं दाखवायला लागले. बाई वाळत गेल्या. लुना विकली. ज्या चैत्रातलं मी आता सांगतोय, त्याच्या पुढच्या मोहोराला त्या नव्हत्या.

त्या चैत्रात मी त्यांना माझ्या गाडीने पावसला नेलं. पहिला तोडा होता. तात्यांच्या बागेत सगळ्यांत जुन्या कलमाखाली राखणदाराचा, म्हणजे बाग सांभाळणाऱ्या देवाचा, दगड आहे. तोडा निघाला की तात्या तिथे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. त्या साली नंदा माहेरी आली होती, सोबत तिची लेक. नंदा चांगली भरली होती, मोकळी बोलत होती. मुलीला सांगत होती, "आमच्याकडे की नाय, आधी राखणदाराला, मग आपल्याला." मी ते ऐकलं. बाईंनी ऐकलं की नाही, माहीत नाही. त्या पेट्यांपाशी पाटावर बसल्या होत्या.

तात्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली.

"बा देवा म्हाराजा, ह्या सालचा पयला तोडा तुझ्या पायापाशी ठेवलाय."

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हटलं. बाईसुद्धा.

"बागेत, मांगरात, वाटेवर, कोणाच्या घरात काय चुकला-माकला असंल, ता पोटात घाल."

"व्हय म्हाराजा."

तात्या थांबले. मागे न बघता म्हणाले, "आणि म्हाराजा, ह्या आमच्या बाईनं एका सालचा भार डोक्यावर घेतलान, तो अजून खाली ठेवलान नाय. तो तू आता उतरून घे. आमचा काय म्हणणा नाय. लेकीचा पण नाय."

"व्हय म्हाराजा!" नंदाने सगळ्यांत आधी म्हटलं, खणखणीत. काकींनी म्हटलं, गडी म्हणाले, त्या लहान मुलीनेही आईकडे बघत म्हटलं. मी तर ओरडलोच. कोणासाठी ओरडलो ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

तात्या थांबून राहिले. व्हय येतंय का बघायला गुरव थांबतो, तसे. वर कुठेतरी वानरं फांदी हलवत होती. बाईंचे ओठ मिटलेले होते. त्या हट्टाने गप्प होत्या असं मला वाटलं नाही. आत शोधत होत्या, आणि सापडत नव्हतं. भिडेचं व्हय त्या म्हणणार नव्हत्या, देवापुढेही नाही.

मग त्या वाकल्या, नंदाच्या पेटीतला वरचा आंबा उचलून देठाशी हुंगला, परत ठेवला. पेंढा सारखा केला. झाकण लावलं. हात पुढे केला, माझ्याकडे न बघता.

"लेप," म्हणाल्या, "सुतळी दे."

मी दिली. माझं नाव अजून त्यांच्याकडेच आहे.